गादीवर पुढचा कोण? : रशियाचा वारसाहक्क आणि पर्यायी इतिहासाची शिस्त

इतिहासात जर-तरला स्थान नाही, असे आपण वर्गात सांगतो आणि वर्गाबाहेर पडताच जर-तरच्याच गप्पा मारतो. मराठी वाचकाला हा खेळ नवा नाही. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, हा प्रश्न आपल्याकडे पिढ्यानपिढ्या विचारला गेला आणि जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत त्याला विज्ञानकथेचे रूपही दिले. पर्यायी इतिहास हा साहित्यप्रकार म्हणून आता रुळला आहे. प्रस्तुत लेखात त्यातील एका लहानशा, पण अवघड उपप्रश्नाचा विचार करायचा आहे. लेखक एखाद्या राजाला मरणातून वाचवतो किंवा अकाली मारतो. तेवढे त्याच्या हाती असते. पण त्यानंतर गादीवर कोण बसणार, हेही त्याने मनानेच ठरवायचे काय? की तिथे कल्पनेला कुणाचे तरी ऐकावे लागते?

या प्रश्नासाठी रशियाच्या राजेशाहीइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. कारण तिथे वारसाहक्काचे दोन परस्परविरोधी कायदे एकामागोमाग आले, आणि दोन्ही कायद्यांचा उगम बाप-मुलगा किंवा आई-मुलगा यांच्या वैरात होता. (लेखातील रशियन घटनांच्या तारखा तिथल्या तत्कालीन जुन्या पंचांगाप्रमाणे आहेत.)

पहिला कायदा पीटर द ग्रेटचा. थोरला मुलगा अलेक्सेई याच्याशी त्याचे विकोपाला गेले होते. राजद्रोहाच्या खटल्यात अलेक्सेईला मृत्युदंड झाला आणि १७१८ साली तो बापाच्या कैदेतच मरण पावला. त्यानंतर १७२२ मध्ये पीटरने असा नियम केला, की वारस कोण हे जन्मावरून ठरणार नाही. राज्यकर्ता स्वतः तो नेमील. हा नियम तर्काला धरून होता, मात्र त्यात एक गृहीत होते : नेमणारा माणूस वेळेवर नेमील. १७२५च्या जानेवारीत पीटर वारल्यावर वारस नेमलेला नव्हता. मग पुढल्या चाळीस वर्षांत गादीवर आले कोण? त्याची पत्नी, नातू, पुतणी, त्या पुतणीच्या बहिणीचा जेमतेम दोन महिन्यांचा नातू, मग पीटरची मुलगी, त्या मुलीचा भाचा आणि शेवटी त्या भाच्याला पदच्युत करून त्याचीच जर्मन पत्नी कॅथरीन. यातील अनेक बदल राजवाड्याच्या पहारेकरी पलटणींनी एका रात्रीत घडवून आणले. तान्हेपणी सम्राट झालेला सहावा इव्हान बंदिवासात वाढला आणि १७६४ साली तिथेच मारला गेला.

या कालखंडाचा पर्यायी इतिहास लिहिणे वरवर सोपे वाटते. नियमच नसल्यामुळे कुणालाही गादीवर बसवावे! परंतु नेमके याच कारणामुळे असे लेखन पकड घेत नाही. सोंगट्या कशाही हलवता येत असतील तर डाव पाहण्यात रस उरत नाही. पेच निर्माण होण्यासाठी आधी नियम हवा.

नियमाच्या अभावाचे आणखी एक अपत्य म्हणजे तोतया. वारस कोण, हे राजवाड्यात ठरेनासे झाले की लोक ते बाहेर ठरवू लागतात. १५९१ साली उग्लिच गावी मेलेला राजपुत्र दिमित्री जिवंत असल्याची हाक उठली आणि त्याचे नाव सांगणारा एक तोतया १६०५ मध्ये खरोखरच मॉस्कोच्या गादीवर बसला. १७७३ मध्ये पुगाचोव्हने आपण मारला गेलेला तिसरा पीटरच असल्याचे सांगून मोठे बंड उभारले. १७७५च्या आरंभी त्याचा शिरच्छेद झाला. पुढच्याच वर्षी, १७७६ मध्ये, पुण्याच्या राज्यात सदाशिवरावभाऊंच्या तोतयाला देहान्त शासन झाले, हे आपल्या वाचकांना आठवत असेल, न. चिं. केळकरांचे 'तोतयाचे बंड' हे नाटक त्याच घटनेवरचे. या दोन्ही देशांतल्या घटनांचा परस्परांशी संबंध नाही. पण दोन्हीकडे एकच गोष्ट दिसते. ज्याच्या मृत्यूची खात्री पटत नाही किंवा पटवून घ्यावीशी वाटत नाही, त्याला लोक जिवंत ठेवतात. तोतया म्हणजे निरक्षर समाजाने रचलेला पर्यायी इतिहासच होय. पुश्किनला हे नेमके कळले होते. 'बोरीस गोदुनोव्ह'मध्ये त्याने पहिला तोतया रंगवला आणि 'कॅप्टनची मुलगी'मध्ये दुसरा.

दुसरा कायदा कॅथरीनच्या मुलाचा, सम्राट पॉलचा. आईने बापाची गादी बळकावली आणि आपल्याला वर्षानुवर्षे दूर ठेवले, हे शल्य त्याने जन्मभर जपले. युवराज असतानाच १७८८ मध्ये त्याने आणि त्याच्या पत्नीने मिळून वारसाहक्काचा मसुदा तयार करून ठेवला आणि ५ एप्रिल १७९७ रोजी, स्वतःच्या राज्याभिषेकाच्या दिवशी, तो जाहीर केला. आता राज्यकर्त्याच्या मर्जीला वाव उरला नाही. गादी थोरल्या मुलाकडे जाईल. त्याच्या पुरुषवंशातील सर्वजण संपले, तरच दुसऱ्या मुलाकडे आणि त्याच्या वंशाकडे. घराण्यातील एकूण एक पुरुषशाखा संपेपर्यंत स्त्रीला गादी नाही. पुन्हा कुणी कॅथरीन होऊ नये, अशी ती तजवीज होती. गादीवर बसणाऱ्याचा धर्म ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती असला पाहिजे, हेही त्यात होते. १८२० मध्ये पॉलचा मुलगा पहिला अलेक्झांडर याने आणखी एक कलम जोडले : राजघराण्यातील पुरुषाने बरोबरीच्या राजकुळाबाहेर विवाह केला, तर त्याच्या मुलांना वारसाहक्क मिळणार नाही.

वारस जिवंत असेपर्यंत वाद नको आणि मेल्यावर पोकळी नको, असा या कायद्याचा हेतू होता. एक प्रकारे कायद्याने भविष्याची गोष्ट आधीच लिहून ठेवली होती. पात्रांनी फक्त जन्माला यायचे आणि क्रमाने मरायचे. पर्यायी इतिहास लिहिणाऱ्याची खरी कसोटी इथून पुढे लागते. मला वाटते, त्याने तीन पथ्ये पाळली पाहिजेत. बदल एकच करावा. त्या बदलाच्या क्षणी जो कायदा असेल तोच लावावा, पुढचा किंवा मागचा नाही. आणि ज्यांचा जन्म बदलानंतरचा आहे, त्यांच्यावर विसंबू नये. कारण आईबापांचे आयुष्य बदलले की तीच मुले जन्माला येतीलच असे नाही.

ही पथ्ये पाळून १८२५ सालाकडे पाहू. पहिल्या अलेक्झांडरला वारस म्हणून मूल नव्हते. पॉलच्या कायद्यानुसार पुढचा हक्क धाकटा भाऊ कॉन्स्टन्टिन याचा, आणि त्यानंतर निकोलसचा. कॉन्स्टन्टिन वॉर्सात राहत होता. पहिला विवाह रद्द झाल्यावर १८२० मध्ये त्याने योआना ग्रुजिन्स्का या पोलिश उमराव घराण्यातील स्त्रीशी लग्न केले; ती राजकुळातील नव्हती. गादीची त्याला हौसही नव्हती. १८२२ मध्ये त्याने आपला हक्क सोडत असल्याचे पत्र भावाला दिले आणि १८२३च्या ऑगस्टमध्ये अलेक्झांडरने निकोलसला वारस ठरवणारा जाहीरनामा तयार करवला. तयार करवला, पण जाहीर केला नाही! तो मोहोरबंद करून मॉस्कोच्या उस्पेन्स्की कॅथीड्रलमध्ये ठेवण्यात आला. प्रती पीटर्सबर्गच्या उच्च संस्थांत गेल्या.

१९ नोव्हेंबर १८२५ रोजी अलेक्झांडर दूर दक्षिणेत तागानरोग येथे वारला. आठ दिवसांनी ही वार्ता राजधानीत पोहोचली आणि निकोलसने तत्काळ कॉन्स्टन्टिनच्या नावाने निष्ठेची शपथ घेतली. आज ही कृती विचित्र वाटेल. पण कायद्याच्या दृष्टीने ती चुकीची म्हणता येत नाही. न छापलेला जाहीरनामा हा कायदा कसा होईल? मृत राज्यकर्त्याच्या खासगी लखोट्याने गादी ठरू लागली, तर आपण पुन्हा पीटरच्या काळात गेलो. मग वॉर्सा आणि पीटर्सबर्ग यांच्यामध्ये निरोप्यांच्या खेपा सुरू झाल्या. कॉन्स्टन्टिन गादी स्वीकारीना, राजधानीत येईना, आणि सम्राट म्हणून रीतसर राजत्यागही करीना. जवळजवळ तीन आठवडे रशियाला दोन सम्राट होते, किंवा एकही नव्हता. १४ डिसेंबरला सैन्याला दुसरी शपथ, या वेळी निकोलसच्या नावाने, घ्यायला सांगण्यात आली, तेव्हा गुप्त मंडळांतील अधिकाऱ्यांनी सुमारे तीन हजार सैनिक सिनेट चौकात उभे केले. संध्याकाळी तोफा चालल्या. हेच ते डिसेंब्रिस्टांचे बंड. १८२६च्या जुलैमध्ये पाच जणांना फाशी झाली. त्यांतला एक कवी रिलेयेव्ह. शंभराहून अधिक लोक सैबेरियात गेले.

आता बदल करू. कॉन्स्टन्टिनने 'होय' म्हटले असते तर? ही कल्पना अगदीच हवेतली नाही. त्या काही दिवसांत टांकसाळीने कॉन्स्टन्टिनच्या मुखवट्याचे रुबल नमुन्यादाखल पाडले होते. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच ती नाणी उरली आहेत. जो राजा कधी झालाच नाही त्याचे नाणे, म्हणजे न घडलेल्या इतिहासातून आपल्या इतिहासात घरंगळत आलेली वस्तू. कायद्याने पाहिले तर कॉन्स्टन्टिनला गादी घ्यायला आडकाठी नव्हती. १८२०चे कलम मुलांना अडवत होते, बापाला नाही.

त्याच्यानंतर कोण? पहिल्या विवाहापासून त्याला अपत्य नव्हते, दुसऱ्या विवाहाच्या अपत्यांना हक्क नव्हता. म्हणजे वारस पुन्हा निकोलसच. प्रत्यक्षात कॉन्स्टन्टिन १८३१ मध्ये, पोलंडच्या उठावातून बाहेर पडल्यावर, वितेब्स्क येथे पटकीने मेला. सम्राट म्हणून तो पीटर्सबर्गमध्ये असता, तर कदाचित त्या साथीतून वाचलाही असता. पण तो कितीही जगला तरी उत्तर बदलत नाही. निकोलस हयात असेल तर निकोलस, नसेल तर निकोलसचा मुलगा अलेक्झांडर, आणि हा मुलगा १८१८ मध्येच जन्मला होता. त्याच्यासाठी आपले तिसरे पथ्य मोडावे लागत नाही. भूदासांना मुक्त करणारा दुसरा अलेक्झांडर या पर्यायी रशियातही आज ना उद्या गादीवर येतोच. वंशवृक्षाची फांदी क्षणभर बाजूला वळते आणि पुन्हा मूळ खोडाला मिळते.

इथेच या साऱ्या खटाटोपाचे सार आहे, असे मला वाटते. वारसाहक्काच्या गणितात कॉन्स्टन्टिनच्या होकाराची किंमत जवळजवळ शून्य येते. माणसांच्या गणितात तसे होत नाही. दुसरी शपथ नसती, तर १४ डिसेंबरचा तो प्रसंग नसता. गुप्त मंडळे तरीही होती आणि ती पुढे केव्हातरी उठली असती, हे मान्य केले पाहिजे; पण ती त्या दिवशी, त्या चौकात, त्या माणसांसह उठली नसती. रिलेयेव्ह तिशीतच फासावर गेला. तो गेला नसता. ज्या स्त्रिया सर्वस्व सोडून नवऱ्यांच्या मागे सैबेरियात गेल्या आणि ज्यांच्यावर नेक्रासोव्हने पुढे दीर्घ काव्य रचले, त्या आपापल्या घरी म्हाताऱ्या झाल्या असत्या. पुश्किन त्या वेळी मिखाइलोव्स्कोये या खेड्यात स्थानबद्ध होता. नोव्हेंबरच्या आरंभी, म्हणजे सम्राटाच्या मृत्यूच्या काही दिवसच आधी, त्याने 'बोरीस गोदुनोव्ह' पुरे केले होते. गादीच्या पेचावरचे नाटक लिहून कवीने हात धुतले आणि देशात गादीचाच पेच उभा राहिला. पुढल्या वर्षी निकोलसने त्याला बोलावून घेतले, तेव्हा त्या दिवशी राजधानीत असतो तर मीही मित्रांबरोबर चौकात असतो, असे त्याने सम्राटाच्या तोंडावर सांगितल्याचे नोंदले गेले आहे.

आणि टॉल्स्टॉय? सैबेरियातून वृद्धपणी परतलेल्या एका डिसेंब्रिस्टाची कादंबरी लिहायला तो बसला होता. त्या माणसाला समजून घ्यायचे तर १८२५पर्यंत मागे जावे लागेल, म्हणून तो मागे गेला; तिथून १८१२पर्यंत, आणि तिथून १८०५पर्यंत. त्यातून 'युद्ध आणि शांती' उभी राहिली. तिच्या उपसंहारात १८२०चा पिएर गुप्त मंडळाच्या गोष्टी बोलतो, आणि पुढे काय वाढून ठेवले आहे हे वाचकाला ठाऊक असते, पिएरला नसते. कॉन्स्टन्टिनने 'होय' म्हटले असते तर वंशवृक्षात फरक पडला नसता. पण ही कादंबरी या रूपात आपल्या हाती आली असती काय?

कायद्याने सगळी दारे बंद केल्यावरही मनुष्यस्वभाव कसा आत येतो, हे नंतरही दिसत राहिले. १९००च्या शरद ऋतूत दुसरा निकोलस क्रिमियात लिवादिया येथे विषमज्वराने अत्यवस्थ झाला. त्याला तीन मुली होत्या आणि सम्राज्ञी पुन्हा गर्भवती होती. तेव्हा याल्टामध्ये जमलेल्या मंत्र्यांनीच पर्यायी इतिहास रचायला घेतला : सम्राट गेला तर काय? विट्टेच्या आठवणींप्रमाणे, पोटातल्या बाळाची वाट पाहायची का, असाही मुद्दा निघाला. आणि विट्टेने मत दिले, की कायद्यात वाट पाहण्याची सोय नाही, सम्राटाचा भाऊ मिखाइल ताबडतोब गादीवर येईल. १९०१च्या जूनमध्ये जन्मली ती मुलगी, अनास्तासिया. म्हणजे वाट पाहूनही उत्तर मिखाइलच आले असते. मात्र या पर्यायात १९०४ मध्ये अलेक्सेई जन्मत नाही, त्याचा रक्तस्रावाचा आजार राजवाड्यात शिरत नाही, आणि त्या आजाराचे बोट धरून आलेला रास्पुतीनही बहुधा दारातच राहतो. मिखाइलनंतर कोण, हा प्रश्न मात्र सुटत नाही. प्रत्यक्षात त्याचा जीव जडला तो घटस्फोटित नताल्यावर. १९१० मध्ये झालेला त्यांचा मुलगा गेओर्गी कायद्याने गादीला पारखाच होता.

१९१७ मध्ये कायदा आणि माया यांची शेवटची टक्कर झाली. २ मार्चला प्स्कोव्ह येथे आगगाडीच्या डब्यात निकोलस राजत्यागाला तयार झाला. कायद्याने गादी बारा वर्षांच्या अलेक्सेईची आणि कारभार, सज्ञान होईपर्यंत, राजप्रतिनिधीचा. आधी तसेच ठरत होते. पण मुलाचा आजार बरा होणारा नाही आणि तो आईबापांपासून दूर केला जाईल, हे डॉक्टरांशी बोलल्यावर निकोलसला जाणवले, आणि त्याने स्वतःसह मुलाच्या वतीनेही हक्क सोडून गादी मिखाइलला दिली. अल्पवयीन वारसाच्या वतीने बापाने राजत्याग करावा, अशी कायद्यात कुठेच तरतूद नव्हती. पीटरने मुलाच्या द्वेषातून वारसाहक्क मोडला होता, निकोलसने मुलाच्या मायेतून मोडला.

समजा, त्याने तसे केले नसते. मग दुसरा अलेक्सेई सम्राट आणि मिखाइल कारभारी. अलेक्सेई निपुत्रिक वारला तर मिखाइल. मिखाइलनंतर त्याचा मुलगा नव्हे, तर चुलतभाऊ किरील. ओल्गा, तात्याना, मारिया, अनास्तासिया या चौघींपैकी कुणीही नाही, कारण घराण्यात पुरुष भरपूर होते. थोरल्या ओल्गाला सम्राज्ञी करणाऱ्या कथा मनोहारी असतात. पण त्यांत आधी पॉलचा कायदा बदलल्याचे दाखवावे लागते, अन्यथा ती केवळ इच्छापूर्ती होते. असा बालसम्राट क्रांतीच्या लाटेत टिकला असता का, याला वंशवृक्ष उत्तर देत नाही. तो फक्त क्रम सांगतो.

दुसऱ्या दिवशी पीटर्सबर्गमधल्या एका घरात मिखाइलने, संविधान सभेने देऊ केली तरच गादी घेईन, असे लिहून दिले. ते पत्र लिहून काढणाऱ्या कायदेपंडितांत व्लादिमिर दिमित्रीयेविच नाबोकोव्ह होते, कादंबरीकार नाबोकोव्हचे वडील. वडिलांनी रशियन वारसाहक्काचा अखेरचा कागद लिहिला. मुलाने परदेशात 'पेल फायर'मध्ये हरवलेल्या उत्तरेकडील राज्याचा परागंदा राजा निर्माण केला आणि 'एडा'मध्ये तर पृथ्वीचा इतिहास-भूगोलच बदलून टाकला. दोहोंत कार्यकारणभाव जोडण्याचा मोह टाळावा. पण योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

१९१८च्या जूनमध्ये मिखाइल पेर्म येथे आणि जुलैमध्ये निकोलसचे सारे कुटुंब येकातेरिनबुर्ग येथे मारले गेले. १९२४ साली किरीलने परदेशातून स्वतःला सम्राट म्हणून घोषित केले. त्याच्या जन्माच्या वेळी त्याची आई लुथरपंथी होती, त्याने सम्राटाच्या परवानगीविना लग्न केले होते, असे आक्षेप लगेच निघाले. पुढे त्याच्या मुलाच्या विवाहावरून आणि नातीच्या हक्कावरून घराण्यातल्या शाखांमध्ये तोच वाद रंगला. ज्या गादीला राज्य उरलेले नाही, तिच्यासाठी पॉलची कलमे अजूनही काथ्याकूट करून वाचली जातात. आता हाही एक पर्यायी इतिहासच झाला आहे. फरक एवढाच, की त्यातली पात्रे खरी आहेत.

साहित्याच्या अभ्यासकाने यातून काय घ्यावे? पर्यायी इतिहासाकडे आपण बहुधा हळहळीच्या डोळ्यांनी पाहतो : अमुक वाचला असता तर सारे निराळे झाले असते. वारसाहक्काचे गणित शिस्तीने मांडले की ही हळहळ पुष्कळदा फोल ठरते. राजा बदलतो, क्रम फार बदलत नाही. पण तीच शिस्त आपल्याला दुसरीकडे बघायला लावते. क्रम तोच राहिला, तरी त्या क्रमाच्या फटीत सापडलेली माणसे परत येत नाहीत. १८२५च्या त्या तीन आठवड्यांत एक लखोटा उघडपणे वाचला गेला असता, तर निकोलसच सम्राट झाला असता, तेच राज्य, तीच नावे. आणि चौकात त्या सकाळी रांगेत उभे राहिलेले सैनिक संध्याकाळी आपल्या बराकीत परतले असते.